कांबळ्यांचं हेलिकॉप्टर

कांबळ्यांशी माझी खरी ओळख झाली ती एका उशीच्या अभ्र्यामुळे. तशी आम्ही दोघं एकाच पॉलिटेक्निकमध्ये चार वर्षं नोकरी करत होतो. मी मेकॅनिकलच्या मुलांना ड्रॉइंग शिकवायची आणि धातूंची लॅब सांभाळायची. ते खाली वर्कशॉपमध्ये लेथवर टर्निंग, म्हणजे फिरता दांडा कापून आकार द्यायला, शिकवायचे. जिन्यात भेट झाली की ‘काय कांबळे’, ‘काय मॅडम’, एवढंच.

त्या वर्षी माझ्या नवऱ्याने, शेखरने, स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःसाठीच रिमोटवरचं हेलिकॉप्टर आणलं. हातभर लांबीचं, बॅटरीवर चालणारं. जयसिंगपुरात आमच्या घरामागे शाळेचं मैदान आहे. तिथे ते गुडघाभर वर उठलं, एका अंगावर कललं आणि व्हॉलीबॉलच्या खांबाला जाऊन धडकलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. शेखर त्या दिवशी जेवला नाही. मी गवतातून सगळे तुकडे वेचले, उशीच्या अभ्र्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने कोल्हापूरला जाताना बरोबर घेतले. हेलिकॉप्टरचं काही असलं तर कांबळ्यांना विचारायचं, हे कॉलेजात शिपायालासुद्धा माहीत होतं.

कांबळ्यांनी अभ्रा बघितला, पण हात लावला नाही. आधी नळावर जाऊन साबणाने हात धुतले, रुमालाने बोटांच्या बेचक्यापर्यंत पुसले, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि मग एकेक तुकडा बाहेर काढून त्याच्या त्याच्या जागी मांडत गेले. शेपूट शेपटाच्या जागी, पाती पात्यांच्या जागी. पाच मिनिटांत कागदावर एक मेलेलं हेलिकॉप्टर तयार झालं.

“कुणी उडवलं?”

“माझ्या मिस्टरांनी.”

“पयल्यांदाच?”

“हो.”

“मग उडवलं न्हाय मॅडम. सोडलं.”

मी हसले. ते हसले नाहीत. एक बारकी दांडी उचलून त्यांनी माझ्यापुढे धरली. “पर त्यांचा एकट्याचा दोष न्हाय. ही दांडी बघा. ह्या टोकाला हे बारकं वाटीसारखं हाय न्हवं, ते दुकानातनंच ढिलं आलंय. हे उस्तादाच्या हातात दिलं असतं तरी पडलंच असतं. त्यांना सांगा, म्हणावं जेवा.”

शेखर जेवला नाही हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्यांनी ते दुरुस्त करून दिलं आणि शेखरला निरोप पाठवला की रविवारी गडमुडशिंगीला या, शिकवतो. ते तिथलेच. वडील ओतकामाच्या कारखान्यात माती चाळायचे. घरात आयटीआय करणारे हे पहिले. घर साधं, तीन खोल्यांचं, बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली लाकडी फळीवर ओळीने सहा हेलिकॉप्टरं. पाहुणा आला की त्याची नजर तसबिरीवर जाते की फळीवर, हे कांबळे बघायचे, असं त्यांच्या पत्नी शोभाताई सांगायच्या.

शिकवणार ते स्वतः नव्हते, हे तिथे गेल्यावर कळलं. कांबळ्यांनी आयुष्यात एकदाही हेलिकॉप्टर उडवलेलं नव्हतं. उडवायची त्यांची मुलगी, सुजाता.

ऊस तुटून गेल्यावर त्यांच्या चुलत्याचं रान मोकळं व्हायचं. त्या रानात उभी राहून ती अशा गोष्टी करायची की शेखरसारखा बोलका माणूस गप्प होऊन बघत राहायचा. हेलिकॉप्टर पालथं करून, पाती खाली आणि पाय आभाळाकडे अशा अवस्थेत ती ते जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर स्थिर धरायची. चेहरा अगदी शांत, भाजी निवडावी तसा. दोन अंगठे तेवढे हलायचे. आणि कांबळे तिच्या मागे चार पावलांवर उकिडवे बसून जमिनीकडे बघत असायचे.

“तुम्ही बघत नाही?” मी एकदा विचारलं.

“ती बघत्या की. मी ऐकतो.”

त्यांना सगळं कानानं कळायचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. स्टाफरूममधल्या पंख्याचं बेअरिंग जाणार हे त्यांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं. एका वर्षी पुराचं पाणी शिरोळकडे चढलं तेव्हा ते बहिणीला आणायला गेले आणि तिच्याबरोबर तेही गच्चीवर अडकले. तिसऱ्या दिवशी मदतीचं हेलिकॉप्टर आलं. गल्लीतली सगळी माणसं ओरडत होती, टॉवेल हलवत होती, बहीण रडत होती, आणि हे डोळे मिटून उभे. हेलिकॉप्टर पुढे निघून गेल्यावर बहिणीला म्हणाले, “मशिन लई चांगलं ठेवलंय.” बहिणीने पुढे दोन वर्षं त्यांना राखीला बोलावलं नाही. हे ते स्वतःच सांगायचे, खाली मान घालून.

सहा मिनिटांचं उड्डाण झालं की दोन तास तपासणी, हा त्यांचा नेम. दाढीच्या ब्रशने धूळ झाडायची, प्रत्येक स्क्रू हाताने बघायचा, पाती तोलून बघायची, पट्ट्याचा ताण बोटाने दाबून बघायचा. सुजाता कुरकुरायची, “बाबा, कालच बघितलं की.” त्यावर ते म्हणायचे, “काल काल गेला.”

कोल्हापुरातली हौशी, पैसेवाली माणसंही त्यांच्याकडे यायची. एक कारखानदार तर बाहेरून मागवलेला, पाती जिथे बसतात तिथला, निळ्या रंगाचा चकचकीत ॲल्युमिनियमचा सगळा जोड घेऊन आला, प्लास्टिकचं काढून हे बसवा म्हणून. कांबळ्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला, कौतुकही केलं, आणि परत पिशवीत घातला.

“का हो? भारी न्हाय का?”

“भारीच हाय पावणं. पर आता पडलं तर प्लास्टिक मोडतंय आन् बाकीचं वाचतंय. हे बसवलं की हे मोडायचं न्हाय. मग ते दुसऱ्याला मोडतंय. मोडायचं कुणी ते आधी ठरवावं लागतं.”

कारखानदार रागावून दुसरीकडे गेला. पुढच्या महिन्यात वाकलेला मधला दांडा घेऊन परत आला. कांबळे उठले. हात धुवायला गेले.

वर्कशॉपमध्ये ते मुलांना एकच गोष्ट वर्षभर सांगायचे. लेथवर दांडा कापताना जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो, तिथे एक कोपरा पडतो. तो कोपरा टोकदार ठेवायचा नाही, गोलाई द्यायची. कारण दांडा कधीही तुटला तरी त्या कोपऱ्यातूनच तुटतो. तीच गोष्ट मी वरच्या मजल्यावर फळ्यावर आकृत्या काढून तासभर शिकवायची. ते दांडा मुलाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “नख फिरव. नख अडकलं का? मग इथंच मरण हाय त्याचं.” माझ्या तासाला मुलं झोपायची. त्यांचं हे वाक्य मुलं नोकरीला लागल्यावरही सांगायची.

सुजाताने बी.फार्म. केलं होतं, पण तिचा जीव त्यात नव्हता. शेतावर फवारणी करणारे, जमिनी मोजणारे ड्रोन आता सगळीकडे आलेत. असे ड्रोन चालवणारी माणसं तयार करणाऱ्या एका कंपनीत तिची निवड झाली. पुण्याला शिकायचं, मग नोकरी. कांबळ्यांनी कॉलेजात पेढे वाटले. मला देताना म्हणाले, “आमच्या बापानं माती चाळली, मी लोखंड कापलं, ही वारं कापणार बघा.” इतकं लांबलचक वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पुण्याला जाण्याआधी हौशी लोकांच्या एका मेळाव्यात तिला हेलिकॉप्टर उडवून दाखवायचं बोलावणं होतं. त्याच आठवड्यात सरावात तिचं मोठं हेलिकॉप्टर उतरताना कललं आणि दोन्ही पात्यांना जोडणारा आडवा दांडा वाकला. बोटाएवढाच असतो तो. नवा मागवायचा तर महिना. कांबळे म्हणाले, मी करतो. इतरांसाठी असे दांडे त्यांनी पूर्वी केले होते, आणि त्यातला एकही कधी परत आला नव्हता.

तो दिवस मुलांच्या प्रॅक्टिकल परीक्षेचा होता. चाळीस मुलं लेथसाठी रांगेत. कांबळ्यांनी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तो दांडा केला. मी वरून खाली येत होते, दारातून त्यांना बघितलं. म्हटलं, जेवून घ्या. ते म्हणाले, “झालंच मॅडम, ईस मिंटं.” गोलाई द्यायचं हत्यार त्या सकाळी एका मुलाच्या हातून तुटलं होतं. दुसरं घासून तयार करायला अर्धा तास लागला असता. त्यांनी होतं त्याच टोकदार हत्याराने कापलं. हे मला नंतर कळलं.

दांडा बसवला, तपासला. तीन दिवस सरावही झाला. चौथ्या दिवशी सकाळी, त्याच रानात, हेलिकॉप्टर तिच्यापासून दहा-बारा पावलांवर कमरेएवढं वर उठलं आणि दांडा तुटला. एक पातं सुटलं, दगडावर आपटून फुटलं. कार्बनच्या पात्याचे तुकडे सुईसारखे असतात. त्यातला एक सुजाताच्या डाव्या डोळ्यात गेला.

कांबळे नेहमीसारखे मागे उकिडवे बसले होते. सुजाता नंतर मला म्हणाली की दांडा तुटायच्या आधी, डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ आधी, बाबा “सुजे” असं ओरडले. त्यांना आवाज आला होता.

कोल्हापुरात ऑपरेशन झालं, मग मिरजेला दुसरं. डोळा गेला. पुण्याच्या कंपनीने फार सभ्यपणे कळवलं की वैद्यकीय तपासणीत दोन्ही डोळे लागतात.

त्यानंतर तीन आठवड्यांनी कांबळे माझ्या लॅबच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली. खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. आत तुटलेल्या दांड्याचे दोन तुकडे होते.

“तुमच्याकडं ते मोठं भिंग हाय. बघून सांगा, कशानं तुटला.”

“कांबळे, आता त्याचं काय?”

“बघा की मॅडम. तुम्हाला वाचता येतंय ते. मला नुसतं तुटलेलं दिसतंय.”

ते बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला. पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू थकून तुटला की तुटलेल्या जागी वर्तुळाकार रेषा उमटतात, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. त्या रेषांचा मध्य शोधला की तडा कुठून सुरू झाला ते कळतं. मध्य कोपऱ्यात होता. तिथे गोलाई नव्हती. हत्याराच्या टोकाने ओढलेली एक सरळ, स्वच्छ रेघ होती. नख फिरवलं असतं तर अडकलं असतं.

खिडकीतून बाकावर बसलेल्या कांबळ्यांची पाठ दिसत होती. मग मी बाहेर गेले.

“पोलादातच खोट होती,” मी म्हणाले. “आतमध्ये पोकळी होती. कुणालाही दिसली नसती.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुडीसाठी हात पुढे केला.

“आमच्यात रोज सांजच्याला पंचशील म्हणत्यात मॅडम. त्यातलं चौथं शील खोटं न बोलायचं हाय.” पुडी घेताना ते म्हणाले, “तुमच्यावर त्याची सक्ती न्हाय.”

पुडी खिशात घालून ते जिना उतरून गेले. त्या दिवसानंतर दांड्याबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही.

मी हे अनेकदा मनात उलटसुलट करून बघितलं आहे. मी दयेपोटी खोटं बोलले असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, तो माणूस निकाल ऐकायला आला होता. सगळ्या जगात तो निकाल देऊ शकेल अशी त्याच्या ओळखीची मी एकटीच होते. मी दिला असता तर त्या चुकीजवळ आम्ही दोघं उभे राहिलो असतो. मी न दिल्यामुळे ते तिथे एकटे राहिले.

त्यांनी प्राचार्यांना अर्ज दिला की मला लेथवरून काढा. कारण लिहिलं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. प्राचार्यांनी त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. जिल्ह्यातला उत्तम टर्नर दोन वर्षं जाळीच्या खिडकीमागे बसून मुलांना कानशी आणि हॅकसॉची पाती द्यायचा, परत घ्यायचा, मोजून ठेवायचा. लेथ सुरू झाले की तो स्टोअरचं दार आतून लावून घ्यायचा. उन्हाळ्यातसुद्धा. नवीन आलेल्या मुलांना तो एक तुसडा म्हातारा वाटायचा. हेलिकॉप्टरवाले आले तर त्यांना एकच उत्तर मिळायचं, “आता करत न्हाय.” कारखानदार तीनदा आला, शेवटच्या वेळी म्हणाला, निदान बघून तरी सांगा. कांबळ्यांनी त्याच्या पिशवीकडे बघितलंच नाही.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी मी गडमुडशिंगीला गेले. फळी रिकामी होती. सहाही हेलिकॉप्टरं त्यांनी खोलली होती, शेवटच्या स्क्रूपर्यंत. प्रत्येक सुटा भाग पुसून, तेल लावून डब्यांत भरला होता आणि डबे ट्रंकेत. मोडलं काही नव्हतं. विकलंही नव्हतं.

“जेवत्यात, झोपत्यात,” शोभाताई चुलीजवळून म्हणाल्या. “डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या घेत्यात. बोलत न्हाईत.”

कांबळे समोरच खुर्चीवर बसून हे ऐकत होते. मी कॉलेजच्या बातम्या सांगितल्या. ते मान हलवत राहिले. चहा आल्यावर त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि उठून मागे परसात गेले, परत आले नाहीत.

सुजाता मला फाट्यापर्यंत सोडायला आली. गावातल्याच औषधाच्या दुकानात ती आता काम करत होती. रंगीत काचेचा चष्मा, बाकी तीच.

“राग आला असता तर बरं झालं असतं मॅडम,” ती चालता चालता म्हणाली. “मला येतच न्हाय. एकदा मुद्दाम आणला. म्हटलं, मी वरडले तर बाबांना हलकं वाटंल. लई बोलले. तुमच्यामुळं माझा जल्म वाया गेला म्हटलं. न्हाय ते बोलले.”

“मग?”

“मान खाली घालून सगळं ऐकलं त्यांनी. मी थांबले तर म्हणाले, एवढंच?”

बस आली. ती काही वेळ खिडकीखाली उभी राहिली. मला तिला सांगायचं होतं की भिंगाखाली मी काय बघितलं, आणि काय सांगितलं. कंडक्टरने घंटा दिली.

त्यानंतर कांबळ्यांना मी एकदाच बघितलं, गेल्या हिवाळ्यात. दुपारची वेळ. मी रिक्षातून स्टेशनकडे चालले होते आणि दसरा चौकात सिग्नलला रिक्षा थांबली. समोर दोघं रस्ता ओलांडायला उभी होती. सुजाताच्या हातात पिशवी. कांबळे तिच्या डाव्या, डोळा गेलेल्या बाजूला, अंगाला अंग लावून, उजव्या हाताने तिचं कोपर धरून. फार वाळले होते. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ते मान वळवून बघत होते.

सुजाता त्यांना काहीतरी म्हणाली, हसून. बहुतेक मला दिसतंय म्हणाली असेल. मग थट्टेने की कंटाळून कोण जाणे, तिने हात सोडवला आणि चटकन त्यांच्या दुसऱ्या अंगाला गेली. आता ते तिच्या उजवीकडे होते. कांबळे क्षणभर गोंधळले. मग तिच्या मागून वळसा घालून परत डावीकडे आले आणि त्यांनी पुन्हा तिचं कोपर धरलं.

या वेळी तिने सोडवलं नाही.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मध्ये केएमटीची बस आली. ती पुढे सरकली तेव्हा दोघं पलीकडे पोचली होती आणि गर्दीतून चालत होती. रस्ता संपला होता, फूटपाथ रुंद होता, गाडी कुठलीच जवळ नव्हती. कांबळ्यांनी कोपर धरूनच ठेवलं होतं.